टाकीवर बसून येणारं कुत्रं

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात माझी पहिली नेमणूक किल्लारीकडच्या गुरांच्या छावणीवर होती. मी फाटकावर बसायचो. एका सकाळी धुरळा उडवत फटफटी आली. टाकीवर काळं कुत्रं, पुढचे पाय हँडलवर ठेवलेले! आणि त्याच्या दोन कानांमधून रस्ता बघत गाडी हाकणारा धोतरातला म्हातारा!

थांबल्यावर त्यानं आधी उपरण्यानं कुत्र्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"मामा, कुत्र्याला आत सोडता येत नाही," मी म्हणालो.

"मला नगा सांगू, सायेब. आत माझी गाय हाय, तिला सांगा. ह्याला बघितल्याबिगर दोन दिस झाले, वैरणीला तोंड लावंना."

एवढं बोलून त्यानं मूठ पिळून गाडी दोनदा जोरात रेस केली.

आत हंबरडा फुटला. एक तांबडी गाय दावं तोडून फाटकाकडं धावत सुटली! कुत्रं टाकीवरून उडी मारून फाटकाखालून आत घुसलं. गाईनं त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं, आणि मग वळून कडब्यावर तुटून पडली. म्हातारा नुसता हसला.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून फटफटीचा आवाज आला, की गाईच्या आधी मीच उठायचो फाटक उघडायला.