पिठातला नकाशा

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात बैठक झाली. हजर: मी, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवणारी गटप्रवर्तक, गावच्या आशाताई रुक्मिण, कौसाबाई, त्यांची सून शोभा, आणि शोभाचा नवरा बापू, जो आत न येता खांबाला टेकून उभा होता. गैरहजर: सिस्टर, म्हणजे उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. सिस्टर श्रावणात गेल्या. बीडला मुलीकडे होत्या, सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली आणि गेल्या. बैठकीचा विषय एकच होता: सिस्टर जे करायच्या ते आता कोणी करायचं?

त्या जे करायच्या ते आरोग्य खात्याच्या कुठल्याही कामात बसत नव्हतं. त्या पिठात नकाशा काढायच्या.

घरभेटीला निघायच्या त्या मुद्दाम स्वयंपाकाच्या वेळी. बाई चुलीपुढं भाकरीला बसलेली असायची. सिस्टर पदर खोचून तिच्याशेजारी बसत आणि म्हणत, "परात इकडं सरकव." बाजरीचं पीठ तळहातानं सपाट करायच्या आणि बोटानं रेघ ओढायच्या. मधोमध देठ खाली केलेल्या वांग्यासारखं गर्भाशय. त्याच्या दोन्ही खांद्यांवरून निघालेल्या दोन नळ्या. नळ्यांच्या टोकाशी लसणाची एक-एक पाकळी ठेवायच्या, ती अंडाशयं. खाली योनीमार्ग. मग बाईकडं बघून विचारायच्या, "हे कुणाचं घर हाय?" बाई तोंडाला पदर लावून हसायची. "हसू नको. तुझंच हाय. सगळ्या गावाच्या वाटा तुला ठाव, आन सोताच्या घराची वाट ठाव न्हाई."

पाळीचं त्या असं सांगत: "पावना येनार म्हणून घर सारवतेस का न्हाई? तसं दर महिन्याला आतून सारवण चढतं. ह्या पाकळीतनं एक बीज सुटतं, नळीत येतं. बाप्याचं बीज भेटलं, तर दोन्ही मिळून ह्या सारवणात येऊन रुजतं. न्हाई भेटलं, तर सारवण गळून पडतं. तीच पाळी. मग परत नवं सारवण. ह्यात घाण काय हाय सांग बरं?"

मुलगीच झाली म्हणून सुनेला बोलणारी सासू घरात असली की धान्याचा डबा उघडला जायचा. सासूच्या एका मुठीत नुसती बाजरी, दुसऱ्या मुठीत बाजरी आणि ज्वारी मिसळून. "ही पहिली मूठ बाईची. एकच वाण. ही दुसरी बाप्याची, हिच्यात दोन वाण. आता डोळे झाकून दोन्हीतला एक-एक दाणा काढा. ज्वारी आली तर पोरगा, न्हाई आली तर पोरगी. पहिल्या मुठीत ज्वारी हायच कुठं द्यायला?" सासू मूठ उघडून दाण्यांकडं बघत बसायची. पटायचंच असं नाही. पण त्या दिवसापुरती सुनेची सुटका व्हायची.

नावं घ्यायला लावायची त्यांची सक्ती होती. आमच्याकडं बायका 'तिकडलं', 'खालचं', 'अंगावरचं' असं म्हणून वेळ मारून नेतात. सिस्टर ऐकून घेत नसत. "नाव घे. ज्या जागेचं नाव घेता येत न्हाई, तिथलं दुखनं डॉक्टरला सांगनार कसं? पोट दुखतंय म्हनशील, तो जुलाबाची गोळी दील." वयस्कर बायकांनाही गर्भाशय, अंडाशय, योनीमार्ग हे शब्द पाढ्यासारखे म्हणायला लावत. रुक्मिण सांगते, पहिल्यांदा हे शब्द मोठ्यानं म्हटल्यावर तिला घाम फुटला होता.

माणसांची नावं मात्र सिस्टरच्या लक्षात राहत नसत. बाळंतपणं राहत. अख्खी पिढी त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं ज्याची त्याची ओळख तिथूनच सुरू व्हायची. ट्रॅक्टरात झालेली, पोळ्याची, रडलाच नाही तो. एका ग्रामसभेत सरपंच त्यांना लवकर आटपा म्हणाले, तर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गळ्याला नाळ गुंडाळून आलतास, तवाबी असाच घाईत व्हतास. गप बस जरा." सरपंच गप बसले.

माझं आणि त्यांचं कायम वाजायचं. मी यादी करून काम करणारी. कोणत्या घरी कोणती भेट, कोणता विषय, पुढची तारीख, सगळं आदल्या दिवशी मांडून ठेवणारी. सिस्टरच्या नोंदी महिनाअखेरीला मी पाठीशी उभं राहून लिहून घ्यायचे. खात्याकडून आलेला चित्रांचा रंगीत तक्ता मी त्यांना दिला, तर तो उपकेंद्राच्या माठावर झाकण म्हणून सापडला. मी चिडले. त्या म्हणाल्या, "मॅडम, चित्र लई चांगलं हाय, धूळ अजिबात जात न्हाई आत."

आता शोभाचं सांगते, कारण बैठकीला ती माणसं त्यामुळंच आली होती.

शोभाला दोन मुलं. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. एका वर्षी पावसाळ्यात तिच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. गावाबाहेरच्या एका दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. तारीखही ठरली. दिवाळीपर्यंत विश्रांती होईल आणि टोळीबरोबर निघता येईल असा हिशोब. रुक्मिणनं मला कळवलं, मी सिस्टरला घेऊन गेले.

कौसाबाई भाकरी थापत होत्या. आमचा विषय कळताच म्हणाल्या, "कावून आडवता? माझीबी काढली की. दोन लेकरं झाल्यावर तिचा काय उपेग? मला काय झालं?"

शोभा खालमानेनं म्हणाली, "सिस्टर, पाळीची कटकट तरी जाईल. उसाच्या फडात न आडोसा, न पानी. कापड बदलायचं म्हटलं तर कुठं जायचं?"

"ते खरं हाय," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी परात ओढली.

नकाशा काढायला लागल्यावर कौसाबाई उसळल्या. "खायच्या पिठात हे विटाळाचं काढू नका! म्या ह्या पिठाची भाकर करनार न्हाई."

"नका करू. म्या करते, म्याच खाते." सिस्टरनी रेघा पुऱ्या केल्या, लसणाच्या पाकळ्या ठेवल्या. मग कौसाबाईंना विचारलं, "तुमचं काय काय काढलं?"

"पिशवी."

सिस्टरनी मधलं गर्भाशय तळव्यानं पुसलं. "आन ह्या दोन पाकळ्या?"

"ते मला काय ठाव? सगळं साफ केलं म्हनले."

सिस्टरनी पाकळ्या उचलून बाजूला ठेवल्या. सपाट पीठ उरलं. "ह्या पाकळ्या नुसतं बीज सोडत न्हाईत, आक्का. इथनं सगळ्या अंगाला रस जातो. हाडांना, कातडीला, झोपंला. लेकरं झाली म्हणून त्यांचं काम संपत न्हाई. उतारवयात आपसूक संपतं, तवर त्या लागत्यात."

कौसाबाई त्या मोकळ्या पिठाकडं बघत राहिल्या. वयाच्या तिशीत त्यांचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून रात्री अंगाची आग व्हायची, ओली चादर गुंडाळून त्या अंगणात बसायच्या. गुडघे, कंबर धरलेली. गावात कुणी बाहेरचं म्हणायचं, कुणी पित्त.

"मग माझी आग ह्याच्यामुळं?"

"असंल. तपासून घेऊ. त्याच्यावर औषध असतं."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तवा माझी बदली दुसऱ्या गावाला झालती," सिस्टर म्हणाल्या.

थोड्या वेळानं कौसाबाईंनी परात आपल्याकडं ओढली, पाण्याचा हबका मारला आणि तेच पीठ मळायला घेतलं.

दवाखान्याच्या डॉक्टरबद्दल सिस्टर कधी वावगं बोलायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "काढावी लागते तवा काढावीच. मोठी गाठ असंल, कॅन्सर असंल, तर एक दिवस थांबू नये. पन नुसतं पांढरं जातंय म्हणून न्हाई. फड घ्यायच्या आधी तुमी दोनदा बघून येता, ऊस पडलेला हाय का उभा. मग बाईचं अंग एकदाच बघून कापायचं?" सरकारी रुग्णालयात शोभाची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. गर्भाशय ठीक होतं. जंतुसंसर्ग होता. नवरा-बायको दोघांना गोळ्यांची वेगवेगळी पाकिटं मिळाली. शोभा बरी झाली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या कामाला लागलो.

काही आठवड्यांनी सगळं परत सुरू झालं. कौसाबाई डोक्याला हात लावून बसल्या. बापूनं मोटारसायकल काढून ठेवली होती, दवाखान्यात जाऊन तारीख नक्की करायला. "तुमचं ऐकलं, झालं का बरं? पिशवी खराबच हाय तिची."

सिस्टर उंबऱ्यातच थांबल्या. "बापू, तुझ्या गोळ्या घेतल्यास का?"

"माझ्या कशाच्या? म्या आजारी हाय का?"

"मग पाकीट कुठं गेलं?"

शोभानं हळूच सांगितलं, "म्याच घेतल्या. हे म्हनले दुप्पट घे, जल्दी बरी व्हशील."

बापू खरंच मायेनं म्हणाला होता. तिचा आजार, तिच्या गोळ्या. आपल्याही तिलाच देऊन टाकल्या. मी कपाळावर हात मारला. सिस्टर मात्र रागावल्या नाहीत. "इकडं ये पायाळू," म्हणाल्या. पायांकडून जन्मलेला म्हणून बापू त्यांचा पायाळू. "उलटा आलास, अजून उलटंच चालतोस. बस हितं."

परात आली. कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्या गोठ्याकडं निघून गेल्या. सिस्टरनी एका बाजूला शोभाचा नकाशा काढला आणि शेजारी बापूचा. मी तोवर त्यांना पुरुषाचा नकाशा काढताना पाहिलं नव्हतं. दोन वृषणं, तिथून वर जाणारी बारीक नळी, ती वळसा घालून लिंगातून बाहेर. बापूचे कान लाल झाले होते, पण नजर पिठावर होती.

"हितं तुझं बीज तयार व्हतं, ह्या वाटंनं जातं. आन आजार बी ह्याच वाटंनं जातो-येतो. एस्टीसारखं हाय. जायची वाट तीच, यायची तीच. बाप्याला कधी कधी काय दुखत न्हाई, खाजत न्हाई, तरी आजार आत असतो. हिनं आपलं आंगन झाडलं. तू तुझ्या बाजूनं कचरा टाकतच राहिलास. झाडनारी मरंल, पन आंगन साफ व्हनार न्हाई."

बापू म्हणाला, "मंग दोष पिशवीचा न्हाई?"

"न्हाई."

"आन म्या ती काढाया निघालतो."

दोघांना पुन्हा गोळ्या मिळाल्या. बापूनं आपल्या गोळ्या सिस्टरसमोर घेतल्या. "दारू न्हाई ह्याच्याबरोबर, आन दोघं बरे व्हईस्तोवर जवळ यायचं न्हाई," सिस्टर म्हणाल्या. जाताना आणखी एक काम सांगितलं: "फडात आडोसा बांध. बायकांना कापड बदलायला जागा नसल, तर म्या कितीबी नकाशे काढले तरी दुखनं परत येनार." त्या हंगामात बापूनं कोपीमागं, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीमागं, जुन्या साड्यांचा आडोसा बांधला आणि पाण्याचा ड्रम ठेवला. टोळीतली पोरं त्याला 'बायकूचा गडी' म्हणून चिडवत होती. पुढच्या वर्षी त्यांच्याच बायकांनी आडोसे बांधून घेतले. शोभाचं ऑपरेशन झालं नाही. ती बरी आहे.

निवृत्तीच्या दिवशी सिस्टरनी माठावरचा तक्ता धुऊन-पुसून मला परत दिला. म्हणाल्या, "आता तुमच्या कामाचा. माझं पीठ मी घेऊन जाते."

तर बैठकीत रुक्मिणनं सांगितलं: शेजारच्या वस्तीवर दोघींची ऑपरेशनची तारीख ठरली आहे, दसरा झाला की. दोघींना ती भेटली, त्यांना पटतंय, पण घरचे ऐकत नाहीत.

खांबाजवळून बापू बोलला, "बायांना कळतंय, मॅडम. पन दवाखान्यात घिऊन जानारे आमी. आमाला कोन सांगनार? सिस्टरनी मला एकट्याला दावलं. बाकीच्या गड्यांना दावायचं त्यांच्या मनात व्हतं, ऱ्हाऊन गेलं."

मी म्हटलं, "चालेल. मी चित्रांचा तक्ता आणते."

"तक्ता नगं. तक्ता दिसला की गडी माना खाली घालत्यात. पिठाकडं बगत्यात. त्याची भाकर खायची असती ना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कौसाबाई उठल्या, घरी गेल्या आणि पिशवीत घालून आपली परात घेऊन आल्या. "हीच घ्या. हिला सवय हाय."

त्यानंतर मी कामं मांडली. वस्तीवरच्या दोघींना सरकारी रुग्णालयात तपासणीला पाठवण्याची वेळ घेतली: झालं. जायला गाडी ठरवली: झालं. कौसाबाईंची राहून गेलेली हाडांची तपासणी: झाली, औषध सुरू. तक्ता कपाटात ठेवला: झालं. रोज सकाळी घरी परातीत हात बसवतेय. बायकांचा नकाशा आता जमतो. पुरुषाच्या नकाशातल्या नळीचा वळसा अजून नीट येत नाही. मिस्टर बघतात आणि भाकरी खातात.

बापूचा निरोप आला आहे: "तुमी दिवस सांगा, वस्तीवरचे समदे गडी म्या बसवतो." दिवस अजून कळवायचा आहे. दसरा रविवारी आहे.