कोंडलेली नायिका

आज चिंच भिजत घातली आणि तो वास मला लहानपणीच्या तमिळ गावात, राजवाड्यामागच्या रद्दीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार तिथे चिंचेची पोतीही ठेवायचा. मी आंधळी, पोत्याखाली हात गेला तर बोटांना ब्रेलचे ठिपके लागले. तमिळ कादंबरीचा पहिला खंड, सुरुवातीची पानं फाटलेली. रद्दीच्या भावात मिळाला. दुसरा खंड आलाच नव्हता.

अम्मा कामाला जाताना बाहेरून कडी लावायची. आत बसून मी वाचलं, नायिकेला मामाने खोलीत कोंडलं आणि खंड संपला.

आता फोन हवं ते पुस्तक वाचून दाखवतो, पण त्या कादंबरीचं नावच मला ठाऊक नाही.

खंड संपला त्या संध्याकाळी कडी वाजली. अम्माला गोष्ट सांगून मी विचारलं, "सुटली असेल का गं ती?"

"तिच्या भल्यासाठीच कोंडलं असेल, बाळ," अम्मा म्हणाली.