न आलेलं शेंडेनक्षत्र

पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ मला मनापासून आवडलं होतं. बघायला आलेल्या मुलानं मलाच विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" ऐंशीच्या दशकात आमच्या केदारखेड्यात मुलीला असं कोण विचारतं? मी म्हटलं, "तुमच्याकडं पेपर येतो का?" तो हसला. "येतो, पण दुसऱ्या दिवशी."

सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रेडिओवर ऐकलं, की दर काही वर्षांनी फिरून येणारा एक धूमकेतू या हिवाळ्यात यायला हवा होता, पण शास्त्रज्ञांना तो सापडतच नाही. आमच्या घरात आभाळात असं शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, असताना सोयरीक करत नसत. ते गेलं की मगच.

मुलाचे वडील विचारायला आले.

"मंग कधी धरायचं?"

"ते शेंडेनक्षत्र जाऊ द्या."

"अहो, पण आलंय कुठं ते?"

"तेच तर कळून न्हाई राह्यलं! दिसलं असतं तर गेलेलं बी कळलं असतं. बिलकुल घाई नको."

जगभरच्या दुर्बिणींनी हात टेकले होते आणि आमचे अण्णा त्यांच्या निरोपाची वाट बघत बसले होते. मी रोज रेडिओला कान लावायची. त्यावर कापसाचे भाव सांगत. धूमकेतूचं कुणी नावही काढेना. उन्हाळा लागला, आणि त्या लोकांनी दुसरीकडं सुपारी फोडली. मला फार वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

पुढं माझं लग्न जालन्यात, मस्तगडला झालं. नवरा भला आहे, तक्रारीला जागा नाही. फक्त त्यानं मला आजवर काही विचारलेलं नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी पेपरात वाचलं, की तो हरवलेला धूमकेतू सापडला. गुरू ग्रहाच्या ओढीनं त्याची वाट कधीचीच बदलली होती; त्या हिवाळ्यात तो इकडं फिरकलाच नव्हता. अण्णा तेव्हा दवाखान्यासाठी आमच्याकडं आले होते. मी रागारागानं त्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजे त्या साली आल्तंच न्हाई?"

"नाही."

अण्णांनी माझ्या हातातून पेपर घेतला. मग म्हणाले, "पोरगा लई चांगला होता गं."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा विषय एकदाही काढला नव्हता. मला वाटायचं, तो फक्त माझ्याच लक्षात आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले.