टँकरच्या वेळेचा तास

समजा, दहावीचा वर्ग तुमच्याकडं आहे. भौतिकशास्त्राचे चौदा धडे. जानेवारी लागलाय, नऊ झालेत, पाच राहिलेत आणि बोर्डाच्या परीक्षेला आठ आठवडे उरलेत. विहिरी आटल्यामुळं शाळा सकाळची झालीय, चाळीस मिनिटांचा तास पंचविसावर आलाय. आता ठरवा: राहिलेले पाच धडे धावत उरकायचे, की झालेले नऊ पक्के करायचे?

बसवंत सोनकांबळेनं ठरवलेलं होतं. नऊ पक्के.

उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका हायस्कूलवर तो विज्ञान आणि गणित शिकवायचा. मूळचा हिमायतनगरकडचा. बाप केरबा सालगडी. त्या घरात आलेलं पहिलं पुस्तक बसवंतचंच. त्यामुळं असेल, पण धडा नुसता वाचून पुढं जाणं त्याला जमायचं नाही. उष्णतेच्या प्रयोगाला पाणी लागतं आणि गावात प्यायला नव्हतं, तेव्हा त्यानं घरून एक तांब्या आणला आणि त्याच पाण्यावर चार दिवस प्रयोग केले. धडा संपला असं त्याचं स्वतःचं समाधान झालं, की तो अनुक्रमणिकेत पेन्सिलीनं तारीख टाकायचा. नऊ धड्यांपुढं तारखा होत्या.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा तिसरं वर्ष चाललं होतं. तालुका उस्मानाबादेत असताना पूर्वपरीक्षेचा पेपर प्रत्येक शाळा आपला काढायची, जेवढं शिकवलं तेवढ्यावर. नव्या जिल्ह्यात सगळ्यांना हुरूप होता. आसपासच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी मिळून एकच पेपर काढला, तोही पूर्ण चौदा धड्यांवर. बसवंतच्या एकतीस मुलांपैकी सतरा भौतिकशास्त्रात नापास झाली. त्यातल्या सिद्धम्माला शंभरात अठ्ठावीस पडले.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप गुंडप्पा किराणा दुकान उघडं टाकून शाळेत आला.

"मास्तर, पोरगी म्हनती सायन्सच घ्यायचं. या विषयात बोर्डाला साठ पडले तर उदगीरला धाडतो. न्हाई पडले तर बिदरकडचं स्थळ आलंय, उरकून टाकतो."

"अठ्ठावीसवरून साठ?"

"मला काय इचारता? शिकवून तर तुमीच राहिले."

बसवंतला राग आला नाही. त्यानं एकतीस उत्तरपत्रिका घरी नेल्या आणि तक्ता आखला. आडव्या ओळीत प्रश्न, उभ्या ओळीत मुलं. त्याला खात्री होती, की न शिकवलेल्या पाच धड्यांचे चौकोन रिकामे राहतील आणि शिकवलेल्या नवांचे भरलेले असतील. बहुतेकांचं तसंच निघालं. पण आठ मुलींचे शिकवलेल्या धड्यांतलेही चौकोन रिकामे होते, आणि तेही मोजक्याच धड्यांत: प्रकाश, भिंगं, ध्वनी. डिसेंबरात, शाळा सकाळची झाल्यानंतर शिकवलेले.

त्यानं सिद्धम्माला बोलावलं. "भिंगाचा प्रश्न का सोडलास?"

"मी भिंग बघितलंच न्हाई सर."

"हजेरी आहे की तुझी."

"हजेरी पहिल्या तासाला घेतात. टँकर तिसऱ्याला येतो. मोठ्या सरांनीच सांगितलंय, घागरी घेऊन जा, हजेरी कापनार न्हाई."

गावात नियम होता, घागरीपाशी माणूस उभं असेल तरच ती भरायची. बायका रोजगार हमीच्या कामावर, सिद्धम्माची आई तर अंथरुणाला खिळलेली. म्हणून रांगेला पोरी. तिसरा तास भौतिकशास्त्राचाच; रिकाम्या जागा बसवंतला दिसत होत्या. पण टँकर एक दिवसाआड यायचा, दुसऱ्या दिवशी बाकं भरलेली असायची आणि हजेरीपट रोजच भरलेला. भिंगाच्या पाच तासांपैकी तीन टँकरच्या दिवशी गेले होते. तारीख मात्र त्यानं सगळ्या वर्गाच्या नावानं टाकली होती.

तो मुख्याध्यापक मडिवाळप्पांकडं गेला.

"सर, मला पहिला तास द्या."

"पहिला पार्वतीबाईचा, मराठीचा हाय. अन् पोरींना पाण्याला सोडू नको म्हणता का? घरी घोटभर पाणी न्हाई त्यांच्या."

"सोडा की. फक्त माझ्या तासाला नको."

"मग पार्वतीबाईच्या तासाला चालंल? बरं. राहिलेल्या पाच धड्यांचं काय? तपासणीला साहेब येतील. नियोजनात चौदा पायजेत."

"चौदा करतो. या मुलींचे बुडालेलेही करतो."

"सोनकांबळे, गणित तुमीच शिकवता ना? किती आठवडे हायेत, मोजले का?"

पार्वतीबाईंनी तास बदलून दिला. "घ्या. कविता काय, रांगेत उभं राहूनबी पाठ होतात," त्या म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, "पण मराठीत पोरी गचकल्या, तर तो तक्ता तुम्हीच आखायचा."

तास बदलेपर्यंत जानेवारी सरला होता. पहिले तीन आठवडे बसवंतनं प्रकाश, भिंगं आणि ध्वनी सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवले. मग उरलेले पाच धडे. त्यांना प्रत्येकी दोन तास. प्रयोग नाही, फळ्यावर सूत्रं आणि एकेक उदाहरण. वर्गाला त्यानं सरळ सांगितलं, "हे मी शिकवलं असं समजू नका. नुसतं दार दाखवलंय." शाळेच्या नियोजनवहीत चौदा धडे पूर्ण झाले. त्याच्या अनुक्रमणिकेत त्या पाचांपुढं तारीख पडली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. एकतीसपैकी तेवीस पास. सिद्धम्माला त्रेसष्ट.

बसवंतनं बोर्डाची प्रश्नपत्रिका काढून बेरीज केली. शिकवलेल्या नऊ धड्यांवर एकूण पंचावन्न गुणांचे प्रश्न होते. तिनं त्यात एकही गुण गमावला नसला, तरी निदान आठ त्या पाच धड्यांतून आलेले. पण बोर्डाच्या उत्तरपत्रिका परत येत नाहीत. कोणता चौकोन भरला, हे कळायला मार्ग नव्हता.

सिद्धम्मा दाखला न्यायला आली. सोबत गुंडप्पा होता; उदगीरच्या कॉलेजचा फॉर्म त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"विजेवरचा प्रश्न सोडवलास का गं?" बसवंतनं विचारलं.

"हाव सर. सगळेच सोडवले."

"दोन तासांत कळलं तुला?"

"त्या दोन तासांत कायबी कळलं न्हाई." ती हसली, मग बापाकडं बघून हसू आवरलं. "टँकरची वाट बघताना वाचला. चार-पाच येळा."

"दुसरं कुणी वाचत होतं?"

"नागम्मा. बाकीच्या गप्पा मारायच्या."

नागम्मा नापास झाली होती.

दाखल्यावर सही घेऊन ती दोघं गेली. बसवंतनं नवीन वर्षाचं नियोजन पुढ्यात ओढलं. चौदा धडे, तासांचे रकाने कोरे. विजेच्या धड्यापुढं किती तास लिहायचे, इथं त्याचा पेन थांबला. दोन तासांत काही कळलं नाही, असं ती म्हणाली होती. पण ते दोन तास झालेच नसते, तर तिनं तो धडा उघडला असता का?