मार्थाताई आणि वांजिकूचा वाटा

शुक्रवारी सकाळी, दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या घरी, मी पोळ्या लाटत असताना शेरिलचा मेसेज आला. मम्मी पहाटे गेली, एवढंच इंग्रजीत. शेरिल म्हणजे मार्थाताईंची मुलगी. मार्थाताई वसईला परत जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी सव्वीस वर्षं त्या दोह्यात होत्या, एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात, आणि त्यातली नऊ वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर. मी गॅस बंद केला आणि वांजिकूला फोन लावला. त्रास झाला का, एवढंच तिनं विचारलं. मलाही ते ठाऊक नव्हतं.

वांजिकू केनियाची, त्याच इस्पितळात रिसेप्शनवर. चार वर्षांपूर्वी तिचे वडील वारले. न्येरीजवळच्या गावात त्यांचा चहाचा मळा, मागे बायको, तीन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली. महिन्याभरात थोरल्या भावानं एक फॉर्म ईमेलनं पाठवला. प्रिंट काढ, दूतावासात जाऊन सही कर आणि पाठवून दे, नुसती फॉर्मॅलिटी आहे, असं त्याचं म्हणणं. वांजिकू प्रिंट काढायला मार्थाताईंच्या टेबलाशी गेली. कागद मशीनमधून बाहेर येता येता मार्थाताईंनी तो वाचला. वडिलांच्या मिळकतीत आपल्याला वाटा नको, असं त्यात लिहून दिलेलं होतं. त्यांनी वांजिकूला विचारलं, तर तिनं तो वाचलाच नव्हता. भावानं पाठवलेलं काय वाचायचं, असं तिला वाटलं होतं.

त्याच आठवड्यात मार्थाताई जिना उतरून माझ्याकडे आल्या. मी एका बांधकाम कंपनीत कॉन्ट्रॅक्ट्स बघते, म्हणजे कायद्याचं इंग्रजी मला कळतं अशी त्यांची समजूत. त्यांनी केनियाचा वारसा कायदा नेटवरून उतरवून घेतला होता. मग तीन-चार आठवडे आम्ही दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसत होतो. वांजिकू अल अझीझियाच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायची, चर्चमधली मिस्सा आटोपून यायची. मार्थाताई मोठ्यानं वाचायच्या, मी सोप्या इंग्रजीत अर्थ सांगायचे, वांजिकू वहीत लिहून घ्यायची. कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, लग्न झालेली की बिनलग्नाची हेही विचारत नाही, हे आम्हाला दुसऱ्याच शुक्रवारी कळलं. पण काही जिल्ह्यांतल्या शेतजमिनीला रूढीच लागू, असंही एक कलम निघालं, आणि ती दुपार आम्ही त्या जिल्ह्यांची यादी नकाशाशी ताडून बघण्यात घालवली. न्येरी त्या यादीत नव्हतं. मार्थाताईंनी चहा टाकला.

तिकडे गावच्या चीफनं, म्हणजे सरकारी गावप्रमुखानं, वारसांचं पत्र देऊन टाकलं होतं, आपल्याकडे वारसनोंदीला लागतो तसाच कागद. त्यात फक्त आई आणि तिघे भाऊ. दोघी बहिणींची नावंच नव्हती. वांजिकूनं भावाला विचारलं, तर त्यानं फोन घेणं बंद केलं. आईनं मात्र फोन केला. घर मोडायला निघालीस का, म्हणाली. त्या शुक्रवारी वांजिकू पेन घेऊनच आली. खलास, मी सही करते, म्हणाली. आई बोलायची थांबली तर जमीन काय करायची?

मार्थाताईंनी कायद्याचे कागद बाजूला सारले. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "हिला सांग, मी सही केली होती."

इतक्या वर्षांच्या शेजारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तेविसाव्या वर्षी, लग्नाच्या आठ दिवस आधी, भाऊ त्यांना स्कूटरवरून रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेला होता. हक्कसोडपत्र तयारच होतं. अंगठ्याला शाई लावली, दोन ठिकाणी सही केली, बाहेर येऊन भावानं उसाचा रस पाजला. केळीची वाडी होती, नंतर तिथे इमारती आल्या. "वाडी गेल्याचं दुःख नाही गं," त्या म्हणाल्या. "मागितली असती तर दिलीच असती. कुणी विचारलं नाही, ते राहिलं..."

मी ते वांजिकूला समजावून सांगितलं. तिनं सही केली नाही.

न्येरीतल्या एका वकीलबाईंमार्फत दोघी बहिणींनी कोर्टात हरकत घेतली. प्रकरण दोन वर्षांहून जास्त चाललं. शेवटी तडजोड झाली. आई हयात असेपर्यंत घर तिच्याकडे, आणि बहिणींना भावांच्या निम्म्यानं जमीन. वांजिकूनं ते मान्य केलं. आई पुन्हा बोलू लागली, थोरला भाऊ अजून बोलत नाही. मार्थाताईंना हे मुळीच आवडलं नाही. कायद्यानं सारखा वाटा असताना निम्मा का घेतलास, म्हणून पंधरा दिवस त्या वांजिकूशी धड बोलल्या नाहीत. मग एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, "तिनं वाचून सोडलं. मी न वाचता सोडलं. फरक आहे."

गेल्या आठवड्यात शेरिलचा फोन आला. तिला मराठी कळतं, पण बोलते बहुतेक इंग्रजीतच. वसईला गेल्यावर मम्मीनं मृत्युपत्र केलं, फ्लॅट तिला आणि तिच्या भावाला, ब्रायनला, सारखा, असं तिनं सांगितलं. एक गोष्ट मात्र तिला कळली नव्हती. सही करण्याआधी मम्मीनं दोघा भावंडांना समोर बसवून ते आळीपाळीनं मोठ्यानं वाचायला लावलं होतं. मृत्युपत्र मराठीत, शेरिलला जोडाक्षरं जड जातात, अख्खी दुपार गेली. वाचून झाल्यावर मम्मीनं विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? ब्रायन नाही म्हणाला. शेरिलही नाही म्हणाली. तरी मम्मी पेन हातात धरून तिच्याकडे बघत राहिली.

मी शेरिलला हक्कसोडपत्राची गोष्ट सांगितली. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मग त्या तशा बघत राहिल्यावर तू काही बोललीस का?" मी विचारलं.

"आय सेड, यू ऑल्वेज लाइक्ड ब्रायन मोअर." ती म्हणाली. "फ्लॅटचं काहीच नव्हतं, पण मग बोलतच सुटले. आय डोन्ट नो व्हाय आय सेड इट."

"त्यावर काय म्हणाल्या?"

"नथिंग. शी लिसन्ड. सगळं ऐकून घेतलं, ऑलमोस्ट अ‍ॅन अवर... अँड देन शी साइन्ड."