डावी चप्पल आणि 'गळकी टाकी'

माझ्या मुलाच्या बँडच्या इतिहासात माझा उल्लेख फक्त एका चपलेपुरता आहे. तोही डाव्या.

परवा एक मुलगी त्यांची मुलाखत घ्यायला घरी आली होती. सुरुवातीचे दिवस कसे होते, पाठीशी कोण उभं राहिलं, असं सगळं तिने विचारलं. माझा मुलगा अमेय भरपूर बोलला. माझ्याबद्दल काय बोलला? "आईची चप्पल आम्हाला लकी ठरली." बस्स! मुलुंड पूर्वेला एका शेगडीवर पोळीभाजी केंद्र उभं केलेली बाई मी. भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे माझा नंबर दिसला की आधी घोटभर पाणी पितात आणि मग फोन उचलतात. आणि इतिहासात उरलं काय, तर रबरी चप्पल. तेव्हा खरं काय घडलं ते मीच लिहून ठेवते.

बँडचं नाव 'गळकी टाकी'. संगीताचा प्रकार पंक रॉक. पंक म्हणजे काय, हे अमेयने मला एकदा पोळ्या लाटताना समजावलं होतं: दोन-तीन सूर, भरपूर राग आणि कुणाचंही ऐकायचं नाही. मी म्हटलं, मग केंद्र उघडल्यापासून मी पंकच करतेय, फक्त गिटार घेतली नाही.

अडचण अशी की या पोरांना रागच यायचा नाही. अमेय गिटार वाजवून गायचा. ड्रमवर आमच्याच सोसायटीतली सोनल, जिने लहानपणापासून कथक केलेलं. तिसरा जॉयल, तो बेस गिटार वाजवायचा आणि मागून ओरडायचा. तो गोराईहून होडीने खाडी ओलांडून यायचा आणि येताना त्याच्या आईने माझ्यासाठी दिलेलं सुकट घेऊन यायचा. अशी सालस पोरं! तालीम माझ्याच केंद्राच्या मागच्या खोलीत, दुपारी तवा थंड झाला की. ड्रम येईपर्यंत सोनल माझ्या मोठ्या पातेल्यावर वाजवायची. त्या पातेल्याला असा पोचा पडला की पुढे कितीतरी दिवस बटाट्याची भाजी एका बाजूला करपायची आणि दुसऱ्या बाजूला कच्ची राहायची. (गिऱ्हाइकांना मी सांगायचे, दोन प्रकारची केलीय.)

त्यांचं सगळ्यात संतापी गाणं सोसायटीच्या सेक्रेटरीवर होतं. त्याचं धृपद असं: "सेक्रेटरी, सेक्रेटरी, टाकी गळते, जमलं तर बघा."

मी विचारलं, "हे गाणं आहे की अर्ज?"

त्याच सुमारास मी घाटकोपरला दुसरं दुकान घेतलं. माझी इच्छा होती की अमेयने तिथे गल्ल्यावर बसावं. त्याला बँड हवा होता. घरात आठवडाभर भांडी आपटली गेली (सगळी मीच आपटली), आणि शेवटी मी सौदा मांडला. एक कार्यक्रम करायचा, तोही अनोळखी लोकांसमोर. लोकांनी वन्स मोअर दिला तर बँड चालू राहील, मागची खोली त्यांची, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही दिला तर सोमवारी सकाळी घाटकोपर.

अमेयने विचारलं, "एकच वन्स मोअर ना?"

"एकच. पण अख्ख्या हॉलने मागितलेला. तुझ्या बाबांनी मागितलेला धरणार नाही."

त्याने हात पुढे केला, मी टाळी दिली आणि मनातल्या मनात घाटकोपरच्या गल्ल्यावर त्याला बसवूनही टाकलं. 'जमलं तर बघा' हे पुन्हा ऐकवा असं कोण म्हणणार?

कार्यक्रम ठरला अंधेरीला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गाळ्यात, रविवारी संध्याकाळी. तिथे फक्त जागा मिळणार होती, साउंड आपण न्यायचा. ते काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. हरल्यावर 'आई, साउंड खराब होता' असं रडगाणं मला नको होतं. बबन नावाच्या साउंडवाल्याला केंद्रात बोलावलं, चहा दिला आणि घासाघीस सुरू केली. स्पीकर, माइक, बोर्ड, एकेका वस्तूवर मी त्याला खाली आणत गेले. शेवटी तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "ताई, या भावात अर्थिंगची वायर नाही जमणार हां."

मी विचारलं, "ती वाजते का?"

"वाजत नाही, पण..."

"वाजत नाही ना? मग काढ ती."

हे रात्री घरी आमच्या ह्यांना अभिमानाने सांगितलं. हे ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात नोकरीला. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, अर्थिंग तेवढं राहू दे." मी म्हटलं, तुमची अक्कल तुम्ही ट्रॉम्बेतच वापरा, इथे धंदा मला कळतो. त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला.

रविवारी पोरांबरोबर आम्ही दोघंही गाळ्यात पोहोचलो तर काळ्या टी-शर्टातली पोरंपोरी भिंतींना टेकून मोबाइल बघत उभी. कुणाच्या भुवईत बाळी, कुणाच्या ओठात. स्टेज म्हणजे लाकडी चौथरा आणि त्यावर अशी धूळ की मेथी पेरली असती तर उगवली असती. आणि आमची तिघं पायात बूट घालून त्यावर चढत होती!

आमच्या घरात पेटीला पाय लागला तरी नमस्कार करतात. मी तिथेच आवाज चढवला. अमेय हळूच म्हणाला, "आई, पंकमध्ये बूटच घालतात गं."

"कुणाचं ऐकायचं नाही ना पंकमध्ये? मग त्या पंकवाल्यांचं तरी कशाला ऐकतोस?"

तिघांचे बूट मी बाहेर दाराशी ओळीने लावून ठेवायला लावले. मग अनवाणी पायांना घाण लागेल म्हणून बादली आणि फडकं मिळवलं आणि अख्खं स्टेज पुसून काढलं. फडकं नीट पिळायला वेळ नव्हता. स्टेज चकचकीत ओलं झालं. सोनलने स्टेजला हात लावून कपाळाला लावला, जॉयलने क्रूसाची खूण केली. भिंतींना टेकलेली काळ्या टी-शर्टातली मंडळी हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होती.

म्हणजे अर्थिंगची वायर काढलेली, पाय अनवाणी आणि खाली पाणी. ही सगळी तयारी मी एकटीने, कुणाचीही मदत न घेता केली होती.

अमेय माइकजवळ आला. "नमस्कार. आम्ही गळकी टाकी. आपला थोडा वेळ घेतो." मी खूश. आत्ताच चार जण पाणी प्यायला बाहेर निघाले होते. गिटार सुरू झाली, अमेयने माइकला ओठ लावले, म्हणाला "सेक्रे" आणि पुढचं अक्षर न म्हणता अशी किंकाळी मारून मागे उडाला की बाहेर निघालेले चौघे दारातच थांबले.

बिचाऱ्याला वाटलं, घाबरल्यामुळे झालं. पुन्हा पुढे गेला, पुन्हा किंकाळी. त्याला सावरायला जॉयल आपल्या माइकवर गेला, त्याने वेगळ्याच पट्टीत किंकाळी मारली आणि त्याच्या गावच्या भाषेत असं काही बोलला, जे त्याच्या आईच्या कानावर जाऊ नये म्हणून मी आजपर्यंत सुकटाची तारीफ करत विषय बदलते. दोघं उड्या मारताहेत म्हणजे लय वाढवायची, असं समजून सोनलने दुप्पट वेगाने बडवायला घेतलं. गाण्याचे शब्द तेच, पण 'जमलं तर बघा' आता असं बाहेर पडत होतं की ऐकून खरा सेक्रेटरी त्याच रात्री टाकीत उतरला असता.

गाळा पेटला! मोबाइल खिशात गेले. पोरंपोरी एकमेकांवर आदळत नाचायला लागली. माझ्या शेजारचा भुवईत बाळीवाला डोळे पुसत म्हणाला, "क्या गुस्सा है यार, एकदम सच्चा!"

मला अभिमान वाटणार तेवढ्यात आमच्या ह्यांनी कानातला कापूस काढला. "अगं, हा राग नाही. हा करंट आहे."

लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं.

गाणं संपलं आणि अख्खा गाळा एका सुरात ओरडला, "वन्स मोअर!" अमेयने माइककडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला माझं पोर कळतं आणि त्याला मी कळते. वन्स मोअर मिळाला, पण तू पुन्हा गायला नाहीस, म्हणजे सौदा पूर्ण झाला नाही, असं मी सोमवारी म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने डोळे मिटले आणि हळूहळू ओठ माइककडे न्यायला लागला.

त्या क्षणी घाटकोपरचं दुकान माझ्या डोक्यातून साफ गेलं. "अमेय, पायात घाल काहीतरी!" मी ओरडले. त्या गोंगाटात ऐकतो कोण? बूट दाराबाहेर, मीच ठेवायला लावलेले. मग मी पायातली डावी रबरी चप्पल काढली आणि फेकली. केंद्राच्या मागच्या दारी मांजरांवर मारून माझा नेम पक्का झालेला आहे. चप्पल थेट त्याच्या छातीवर बसली.

गाळ्यातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आईने भर कार्यक्रमात पोराला चप्पल मारली!

पण पोरगं माझं आहे. त्याने चप्पल खाली ठेवली, तिच्यावर डावा पाय ठेवला, उजवा उचलून घेतला आणि खाडीतल्या बगळ्यासारखा उभा राहिला. माइकला बोट लावून पाहिलं. काही झालं नाही. मग तो असा हसला, जसा पहिलीत बक्षीस मिळालं तेव्हा हसला होता, आणि एका पायावर उभं राहून त्याने गायला सुरुवात केली.

प्रेक्षकांचा समज झाला की या बँडची हीच पद्धत असणार. पुढच्या क्षणी चपला, सँडल, बूट, सगळ्यांचा पाऊस सुरू झाला! जॉयलने दोन सापडल्या त्या पायात सरकवल्या, एक लाल आणि एक हिरवी. बबन आपला बोर्ड वाचवायला त्याच्यावर आडवा पडून "ताई, ताई" करत होता.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजवर बसून जोड्या लावत होते आणि समोर रांगेत अनवाणी पंकमंडळी उभी होती. "काकू, ती काटेवाली माझी." सगळ्यांच्या सापडल्या. माझी डावी तेवढी कुणीतरी आठवण म्हणून घेऊन गेलं.

टेम्पोतून परतताना मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "हे बघ, तो वन्स मोअर तुला नाही, करंटला मिळालाय. धरता येणार नाही."

अमेय शांतपणे म्हणाला, "आई, करंट कोणी दिला?"

आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे मुलुंड येईपर्यंत हलत होते.

घाटकोपरच्या गल्ल्यावर आता निवृत्त होऊन हेच बसतात. 'गळकी टाकी' वांद्र्यापर्यंत जाऊन गाते. अर्थिंग उत्तम असतं, त्यात मी भाव करत नाही. पण लोकांना वन्स मोअर एका पायावरच लागतो, आणि पहिली चप्पल आईने मारल्याशिवाय कुणी दुसरी मारत नाही. ती मारलेली डावी दर वेळी कुणीतरी पळवतं.

परवा घाटकोपरच्या चपलांच्या दुकानात गेले. म्हटलं, "मला फक्त डावी लागते. निम्मे पैसे घे."

दुकानदार म्हणाला, "काकू, मग उजवीचं मी काय करू?"

सांगितला तो भाव देऊन बाहेर पडले. घरात उजव्या चपलांचा ढीग साठलाय. उजव्या पायावर गाणारा एखादा बँड माहीत असेल तर कळवा. भावाचं बघू.