बोट दाखवून मिळणार नाही

शाळेच्या फाटकासमोर वह्या-पेन्सिलींचं एक दुकान होतं आणि गेली एकोणीस वर्षं काकूच ते सांभाळत होत्या. दुकान कसलं, एक खोली आणि पुढे आडवं टाकलेलं काचेचं कपाट. मधल्या सुट्टीत त्या काचेवर एकदम वीस-पंचवीस बोटं आपटायची. "काकू, ते!" "ते नाही, त्याच्या बाजूचं!" काकूंचे हात सवयीनं चालायचे. पोरांच्या तोंडाकडे बघायला सवड कुणाला?

तिसरीतली दोन वेण्यांची एक मुलगी एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा शार्पनर घेऊन निघाली, तेव्हा मात्र काकूंना राहवलं नाही.

"अगं, पेन्सिली तासतेस की खातेस?"

मुलीचे डोळे भरून आले. हळूहळू उलगडा झाला तो असा, की तिला खोडरबर हवा होता. तो शार्पनरच्या शेजारीच होता. काकू दर वेळी चुकीची वस्तू हातावर ठेवत होत्या आणि 'हे नको' एवढं म्हणायला पोरीची जीभ रेटत नव्हती.

काकू चपापल्या. एवढ्याशा पोरीचे पैसे आपण फुकट घेतले, हे त्यांच्या फार मनाला लागलं. त्यांनी तिन्ही शार्पनर परत घेतले, पण खोडरबर हातातच धरून ठेवला.

"आधी म्हण, काकू, मला हे नको, बदलून द्या."

"नको," मुलगी पुटपुटली.

"पैसे तुझेच आहेत ना? मग मान कशाला खाली? वर बघून बोल."

चौथ्या खेपेला अख्खं वाक्य बाहेर पडलं. खोडरबर आणि उरलेले पैसे मुठीत घेऊन मुलगी पळाली ती मागे वळूनही न बघता.

दुसऱ्या दिवशी दुकानात पुठ्ठा लागला : 'बोट दाखवून मिळणार नाही.' वस्तूचं नाव सांगायचं, किंमत विचारायची, सुट्टे मोजून घ्यायचे आणि कमी आले तर तसं सांगायचं. निम्मी पोरं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळली. संध्याकाळी गल्ला बघून काकूंचे यजमान वैतागले.

"अगं, दुकान चालवतेस की शाळा?"

"गिऱ्हाइकाला बोलता आलं नाही की ते फसतं, अहो. आणि या खेपेला फसवणारी मी होते."

यजमान पुठ्ठ्याकडे बघत सुट्टे मोजायला बसले.

पोरं परतली ती मजेखातर. काकू मुद्दाम एक नाणं कमी द्यायच्या आणि कोण पकडतं ते बघायच्या. कुणी घासाघीस केली, की तितक्याच हिरिरीनं भांडायच्या. 'परवडत नाही' म्हणायला मात्र पोरं लाजायची. "त्यात लाजायचं काय?" काकू म्हणायच्या. "मलाही पुष्कळ गोष्टी परवडत नाहीत. म्हणून बघा मोठ्यांदा!"

मग एक दिवस तिसरीच्या वर्गाच्या बाई दुकानात आल्या. काकूंना वाटलं, आता तक्रार.

"तुम्ही काय जादू केलीत? दोन वेण्यांची आमची मुलगी इतके महिने हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. काल हात वर करून म्हणाली, 'बाई, मला समजलं नाही, परत सांगा.' शनिवारी एक तास वर्गावर याल?"

काकू सातवीपर्यंतच शिकलेल्या. हो म्हणून बसल्या खऱ्या, पण शनिवारी फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि गडबडल्या. चाळीस डोकी टकामका बघत होती. काकूंना एक शब्द सुचेना. त्यांनी नुसतंच खडूकडे बोट दाखवलं.

मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "काकू, बोट दाखवून मिळणार नाही!"

दोन वेण्या. सगळा वर्ग खो-खो हसला, बाई हसल्या आणि काकूही पोट धरून हसल्या. मग त्यांनी खणखणीत आवाजात खडू मागितला, टेबल आडवं लावून दुकान मांडलं आणि तास कधी संपला ते कळलंच नाही. उधार आणि उसनं यांत फरक काय, यावर तर हमरीतुमरी झाली. "उधार दुकानात, उसनं शेजारी!" एकानं निकाल देऊन टाकला. काटकसर करणारा आणि कंजूष एकच का, हा वाद पुढच्या शनिवारवर गेला.

वर्ष सरता सरता एका दुपारी दोन वेण्यांची मुलगी आईला हाताला धरून दुकानात घेऊन आली. आई घरी पिशव्या शिवायची. व्यापारी नगाला देत असलेला भाव तीन वर्षांत हललेला नव्हता.

"त्यांच्यासमोर गेलं की काही सुचतच नाही हो," ती संकोचून म्हणाली. "ही म्हणते, काकू शिकवतात."

काकूंनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि व्यापारी झाल्या. "भाव वाढवू? बाजारात मंदी आहे, बाई!" आईची पहिल्या दोन्ही वेळा त-त-प-प झाली. मुलगी शेजारून सुचवत राहिली : "आई, दोरा महाग झाला ते सांग. शिलाई एकदाही उसवली नाही ते सांग." पाचव्या वेळी आई काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवून सगळं बोलली, आणि काकूंनी हसत भाव वाढवून टाकला.

आठवड्यानं आई एकटीच आली. दुकानात गर्दी होती, तरी थेट पुढे येऊन म्हणाली, "भाव मागितला त्याच्या निम्माच वाढवला त्यांनी."

काकूंचा चेहरा उतरला.

"अहो, मी त्यांना सांगून आले ना," ती म्हणाली, "उरलेल्या निम्म्याचं बोलायला पुढच्या महिन्यात येते म्हणून."